किल्ली कुणाकडे?

आमच्या पिढीतल्या नवरा-बायकोंनी संसारातल्या कामांची वाटणी समोरासमोर बसून कधी केली नाही. ती आपसूक होत गेली. दूधवाल्याचा हिशेब कुणी ठेवायचा, गॅसचा नंबर कुणी लावायचा, लग्नाच्या पाकिटात किती घालायचे हे कुणी ठरवायचं, पंखा बंद पडला तर स्टुलावर कुणी चढायचं, हे सगळं वर्षानुवर्षं मुरत गेलं आणि मग त्याला नियमासारखा घट्टपणा आला. आमच्या घरात गाडी हे चालवत आणि मी शेजारी बसे. मी बँकेत अडतीस वर्षं काढली, त्यातली बरीच कर्जविभागात. शेकडो लोकांच्या मोटारींची कर्जं माझ्या सहीने मंजूर झाली. इंजिन नंबर, चासी नंबर मी डोळ्यांत तेल घालून पडताळले. पण स्टिअरिंगमागे बसण्याची वेळ माझ्यावर साठी उलटेपर्यंत आली नाही. गरजच पडली नव्हती. जिकडे जायचं तिकडे हे नेत.

उतारवयातलं आजारपण नेमकं या वाटणीत शिरतं. मुलं पुण्या-मुंबईला किंवा त्याहून लांब, घरात दोघंच, आणि त्या दोघांतल्या एकाला काही झालं की दुसरा आपोआप परिचारक होतो. त्याला कुणी नेमत नाही, शिकवत नाही, रजा देत नाही. शिवाय आजारी माणूस जी कामं करत होता ती सगळी त्याच्याच अंगावर येऊन पडतात. आजाराची चौकशी करायला माणसं येतात. या दुसऱ्या माणसाला मात्र बहुधा एवढंच विचारतात, "चहा टाकतेस ना?"

माझे यजमान पाटबंधारे खात्यात अभियंता होते. ड्रॉइंगवर लेटरिंग करून घडलेलं त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. मी जुलै २०१९ मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर ह्यांना पार्किन्सन्सचं निदान झालं. लोकांना या आजारातली थरथर तेवढी माहीत असते. ह्यांच्या बाबतीत आधी अक्षर लहान झालं. वाण्याची यादी लिहिताना सुरुवातीची तूरडाळ नीट वाचता येई, शेवटचा साबण मुंगीएवढा होई. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि प्रत्येक हालचालीचा आवाका आक्रसतो. पावलं आखूड पडतात, आवाज बारीक होतो, चेहरा कोरा दिसू लागतो. जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरने १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. दोनशे वर्षांत औषधं आली, पण समूळ बरं करणारं औषध अजून नाही.

अक्षर लहान झालं तसं सहीही लहान झाली, आणि एके दिवशी ह्यांचा चेक परत आला. कारण : सही जुळत नाही. ते कारण छापलेली चिठ्ठी मी नोकरीत किती चेकना जोडली असेल! त्या चिठ्ठीच्या पलीकडे कुणीतरी स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर स्वतःचीच सही गिरवत बसलेलं असतं, हे मी आता घरात पाहिलं. शाखेतला अधिकारी मुलगा सभ्य होता. म्हणाला, "काकू, सरांना पूर्वीसारखी सही नाही का करता येणार?" मी त्याला सांगितलं, की नमुना सही बदलून देता येते, तीही जमेना तर अंगठा चालतो, हाताचा अंगठा उठत नसेल तर पायाचाही चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तरी ओलांडलेल्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना कळवलं आहे. त्याने ते परिपत्रक पाहिलं नव्हतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. काउंटरपलीकडे गर्दी केवढी असते हे मला ठाऊक आहे. पण मी बँकेतली होते म्हणून मला हे माहीत. शेजारच्या घरातल्या बाईने ते कुठून शोधून काढायचं?

हयातीच्या दाखल्याची गोष्ट तर सांगण्यासारखीच आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करायचं असतं. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ही संगणकीय सोय झाली आणि २०२१ च्या नोव्हेंबरपासून मोबाइलसमोर चेहरा धरूनही दाखला मिळू लागला. सोय उत्तमच. मी मोबाइल ह्यांच्यासमोर धरला. पडद्यावर सूचना आली, डोळ्यांची उघडझाप करा. पार्किन्सन्समध्ये पापण्या लवण्याचं प्रमाण कमी होतं. हे एकटक बघत राहिले आणि मोबाइल काही त्यांना जिवंत मानेना. चौथ्या खेपेला हेच हसले आणि म्हणाले, "अगं, सरकारला पुरावा हवाय आणि तो माझ्या पापणीत अडकलाय." हसता हसता पापणी लवली आणि दाखला मिळाला.

बँकेचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवते. आपल्याकडे नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर मुदतठेवी असतात आणि बायको नॉमिनी असते. लोकांना वाटतं, झालं, सोय केली. पण नॉमिनीचा अधिकार खातेदाराच्या मृत्यूनंतर सुरू होतो. तो जिवंत असून सही करण्याच्या स्थितीत नसेल तर नॉमिनी काहीच करू शकत नाही. मुखत्यारपत्र करून ठेवलं असेल तरी देणाऱ्याची समज गेली की करार कायद्याप्रमाणे ते संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं, नेमक्या त्याच दिवशी ते निरुपयोगी. बेशुद्ध नवऱ्याच्या ठेवीतून त्याच्याच इस्पितळाचं बिल भरता येत नाही म्हणून उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागलेल्या बायका आहेत. दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो, अशा पद्धतीचं संयुक्त खातं असेल तर रोजच्या व्यवहारातली बरीचशी अडचण टळते. मुदतठेव मध्येच मोडायला मात्र बँका दोघांच्या सह्या मागू शकतात, तेव्हा त्याबद्दलचा अधिकारही आधीच लिहून द्यावा. अर्ध्या तासाचं काम आहे. पण ते सही जुळते आहे तोवर करायचं असतं.

आता गाडीकडे येते.

आम्ही साताऱ्याला राहतो आणि ह्यांचे मेंदूविकारतज्ज्ञ पुण्याला. दर तीन महिन्यांनी एकशे दहा किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. खंबाटकीला जाताना बोगदा लागे आणि येताना घाट चढावा लागे. ह्यांचं अर्धं आयुष्य कोयनेच्या खोऱ्यात जीप चालवण्यात गेलेलं. पावसात, धुक्यात, दरड कोसळलेल्या रस्त्यावर. त्यांच्या शेजारी मी कधी जीव मुठीत धरून बसले नव्हते. २०२० च्या शेवटी शेवटी बसायला लागले. गाडी डावीकडच्या पांढऱ्या पट्ट्यावर सरकायची. गिअर बदलायला अर्धा क्षण उशीर व्हायचा. आमच्या फाटकाच्या खांबाला पंधरा वर्षांत कधी लागलं नव्हतं, ते एका महिन्यात दोनदा लागलं. बँकेची सवय म्हणून मी हे तारखा घालून वहीत लिहून ठेवत होते.

डॉक्टरांनी एकदा औषधांची चौकशी संपवून सहज विचारलं, "गाडी कोण चालवतं?" हे म्हणाले, "मीच." मग डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. ते म्हणाले, साखर किती, दाब किती हे आम्ही विचारतो. हा प्रश्न विचारायचा राहतो. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर पाय जायला निरोगी माणसाला जेवढा वेळ लागतो त्याहून या आजारात जास्त लागू शकतो, आणि जास्त लागतो आहे हे त्या माणसाला स्वतःला जाणवतंच असं नाही. औषधाचा असर असतो तेव्हा माणूस जवळजवळ पूर्वीसारखा असतो, तो उतरला की हातपाय जड होतात, आणि ही वेळ घड्याळ लावून येत नाही. त्यातून या आजारावरच्या काही गोळ्यांनी, जांभई किंवा पेंग असली काही सूचना न देता, एकदम झोप लागू शकते. गोळ्या घेणारे काही लोक गाडी चालवताना असे झोपी गेले, हे १९९९ मध्ये डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. ह्यांच्या गोळ्यांत त्यातली एक होती.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघंही काही बोललो नाही. गाडी हेच चालवत होते. दुसरं कोण चालवणार?

किल्ली काढून घेणं हा विषय नातेवाइकांना फार सोपा वाटतो. माझा एक भाचा म्हणाला, किल्ली लपवून ठेव आणि हरवली म्हणून सांग. ओळखीच्या एका घरी तर मेकॅनिकला सांगून बॅटरीची वायर काढून ठेवली होती; ते गृहस्थ रोज सकाळी बॉनेट उघडून बघत बसत. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या बाबतीत कदाचित दुसरा मार्ग नसेल, तिथे मी कुणाला शहाणपण शिकवणार नाही. पण ज्याची बुद्धी शाबूत आहे, जो रोज शब्दकोडं पुरं करतो आणि अर्थसंकल्पावर तावातावाने बोलतो, त्याच्याशी असला खेळ करणं म्हणजे तो असून नसल्यासारखा करणं. पुरुषांच्या आयुष्यात गाडी ही नुसती वस्तू नसते असं म्हणतात. मला वाटतं, आमच्या वयाच्या पुरुषाला घरात जे थोडं काम उरलेलं असतं त्यातलं ते एक असतं. पाहुण्यांना स्टँडवरून आणणं, बायकोला बहिणीकडे सोडणं, रात्री कुणाला बरं वाटेनासं झालं तर "चल, मी काढतो गाडी" म्हणणं. तेही गेलं की मग काय उरतं, हा प्रश्न त्याला पडतो आणि तो कुणाला बोलून दाखवत नाही.

आमच्याकडे हा प्रश्न सोडवला तो एका सरकारी फॉर्मने. ह्यांच्या परवान्याची मुदत २०२१ मध्येच संपली होती, पण करोनामुळे सरकार मुदती वाढवत गेलं ते त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत. मग नूतनीकरणाचे कागद काढले. त्यात आरोग्याविषयी स्वतः लिहून द्यायचा एक फॉर्म असतो. फेफरं येतं का, चक्कर येते का, पंचवीस मीटरवरून गाडीची पाटी वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का. आणि शेवटी एक प्रश्न असा, की ज्यामुळे तुमचं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल असा दुसरा काही आजार तुम्हाला आहे का, असल्यास तपशील द्या. आपल्याकडे हा फॉर्म कसा भरतात ते वाचकांना ठाऊक आहे. एजंट सगळीकडे 'नाही' लिहून आणतो, आपण खाली सही करतो. चाळिशीनंतर डॉक्टरचं प्रमाणपत्रही लागतं आणि तेही कसं मिळतं हे मी लिहायला नको. एकदा परवाना हातात पडला की पाच वर्षं कुणी काही विचारत नाही.

ह्यांनी फॉर्म स्वतः भरायला घेतला. शेवटच्या प्रश्नापाशी पेन थांबलं. दोन दिवस तो कागद टीव्हीच्या टेबलावर पेपरवेटखाली पडून होता. मी त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "धरणाच्या भिंतीत ओल दिसली की आम्ही पाण्याची पातळी खाली आणायचो. फुटायची वाट नव्हतो बघत." थोड्या वेळाने म्हणाले, "मी फॉर्म भरत नाही. तू शिक."

बासष्टाव्या वर्षी गाडी शिकायला गेलेल्या बाईकडे लोक कसे बघतात यावर एक कादंबरी होईल. आरटीओत शिकाऊ परवान्याच्या रांगेत माझ्या मागेपुढे अठरा-एकोणीस वर्षांची मुलं. एकाने विचारलं, "आजी, नातवाबरोबर आलात का?" ड्रायव्हिंग स्कूलचा मुलगा मात्र देवमाणूस. "काकू, घाबरायचं नाही, माझ्या पायाखाली पण ब्रेक आहे," हे वाक्य त्याने मला रोज ऐकवलं. क्लच आणि गिअर यांच्याशी माझं शेवटपर्यंत जमलं नाही, तेव्हा जुनी गाडी विकून आपोआप गिअर बदलणारी छोटी गाडी घेतली. बँकेतल्या जुन्या सहकाऱ्याने कर्जाचं विचारलं. मी म्हटलं, नको, मोटारकर्जाच्या कागदांवर आता मला सही करायची नाही.

खरी परीक्षा आरटीओत झाली नाही, ती हे शेजारी बसले तेव्हा झाली. पहिले काही दिवस त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. मी वळण घेतलं की ते दाराची कडी धरत. दोनदा आमचं भररस्त्यात भांडण झालं, एकदा पोवई नाक्यावर, सिग्नल हिरवा असताना. मग हळूहळू त्यांनी स्वतःला नवं काम लावून घेतलं. मागून ट्रक येतोय, पुढे उसाची ट्रॉली आहे, इथे गतिरोधकाला पट्टे मारलेले नाहीत. २०२२ च्या फेब्रुवारीत मी पहिल्यांदा त्यांना पुण्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "गाडी कोण चालवतं?" हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही. पण इंजिनिअर मी आहे."

आम्हाला हे जमलं, कारण गाडी होती, पैसे होते, माझे गुडघे अजून ठीक आहेत. सगळ्यांचं असं नसतं. राज्य परिवहनाने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केला, मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट केलं. चांगलं झालं. पण पार्किन्सन्स झालेल्या किंवा अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या माणसाला एसटीची पहिली पायरी चढवून बघा. सवलत तिकिटाला आहे, पायरीला नाही. रेल्वेत ज्येष्ठांना भाड्यात सूट मिळत असे, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. उरली रिक्षा, नाहीतर दिवसाच्या बोलीवर बोलावलेला ड्रायव्हर. दवाखान्याला जायचं म्हणून माणूस हा खर्च करतो. भिशीला, देवळात, मैत्रिणीकडे जायला करत नाही. त्यामुळे एकाची गाडी थांबली की दुसऱ्याचंही घराबाहेर पडणं थांबतं. आजार एकाला होतो आणि घरात दोघं अडकतात.

या दुसऱ्याचा हिशेब कुणीच लिहीत नाही, म्हणून मी तो एकदा लिहून बघितला. एका आठवड्यात ह्यांच्यासाठी माझा किती वेळ जातो याची वहीत नोंद केली. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत पाच वेळा गोळ्या, त्याही जेवणाशी फटकून, कारण डाळ-दुधातल्या प्रथिनांनी औषध नीट शोषलं जात नाही. दाढी, अंघोळ, सदऱ्याची बटणं, व्यायाम, फिरायला नेणं, रात्री कुशीवर वळवणं. स्वयंपाक आणि घरकाम यात धरलं नाही, ते मी तसंही केलंच असतं. बेरीज आली ६१ तास. आमच्याकडे ब्यूरोची मावशी बारा तासांचे ७०० रुपये घेते. त्या दराने आठवड्याचे साडेतीन हजार, महिन्याचे १५ हजारांच्या वर. ही रक्कम मला कुणी द्यावी असं म्हणत नाही. पण ही रक्कम आहे, हे तर मान्य करावं?

न्यायालयांनी ते मान्य केलं आहे, फक्त बाई मेल्यावर. मार्च १९८९ मध्ये जमशेदपूरला एका समारंभात आग लागून अनेक माणसं दगावली. नुकसानभरपाईच्या खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांतल्या गृहिणींच्या घरकामाचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. पुढे मोटार अपघाताच्या एका प्रकरणात, जानेवारी २०२१ मध्ये, गृहिणीच्या कामाचं आर्थिक मूल्य धरलंच पाहिजे असं याच न्यायालयाने बजावलं. म्हणजे मला उद्या कुणी धडक दिली तर माझ्या कामाची किंमत निघेल. आज मी ते काम करते आहे तेव्हा तिचा आकडा कुठेच नाही.

कायद्यात मात्र शब्द आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारचे विकार मानतो आणि त्यांत पार्किन्सन्स आहे. त्याच्या चोविसाव्या कलमात, ज्यांना फार मोठ्या प्रमाणावर आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहकाचा भत्ता असावा, असं म्हटलं आहे. पण ते सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. केरळने अंथरुणाला खिळलेल्यांच्या काळजीवाहकांसाठी 'आश्वासकिरणम्' नावाची योजना काढली, तिच्यात महिना ६०० रुपये ठरले. रक्कम थोडी आहे, पण तिथे निदान या माणसासाठी वहीत एक पान उघडलं गेलं. आयकरात दिव्यांगांसाठी आणि काही आजारांच्या खर्चासाठी वजावटी आहेत, त्या जुन्या करपद्धतीत. आणि ज्याचं उत्पन्नच करपात्र नाही त्याने वजावट कशातून घ्यायची? सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागलं. ते मोठंच काम झालं. पण ते इस्पितळात दाखल झाल्यावरचं. पार्किन्सन्सचा माणूस वर्षातून चार दिवस इस्पितळात असेल, बाकीचे दिवस घरीच असतो.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिच्या यजमानांना झटका येऊन गेला. तिथे झटक्यानंतर निदान महिनाभर गाडी चालवायची नाही असा नियम आहे, आणि सत्तरीला परवाना संपतो, मग दर तीन वर्षांनी नवा घ्यायचा. आठवड्याला पस्तीस तास कुणाची काळजी घेत असाल तर भत्ताही असतो. मी तिला म्हटलं, मग तुझं बरं आहे. ती म्हणाली, कुठलं बरं, निवृत्तिवेतन मिळतं म्हणून तो भत्ता हातात पडत नाही. नवऱ्याला मात्र म्हातारपणी मदतनीस लागतो म्हणून वेगळा भत्ता मिळतो, उत्पन्न न बघता. तिथला हा काळजीवाहकाचा भत्ता सुरू झाला १९७६ मध्ये, आणि गंमत म्हणजे लग्न झालेल्या बायकांना तो मिळत नसे. त्या तशाही घरीच असणार, असा हिशेब! जॅकलिन ड्रेक नावाची एक बाई आईची काळजी घेण्यासाठी नोकरी सोडून बसली होती, ती याविरुद्ध युरोपीय न्यायालयापर्यंत गेली. १९८६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला आणि तो नियमही गेला. तेव्हा हे भत्ते तिकडेही कुणी ताटात वाढून दिलेले नाहीत.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांमध्ये रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. शब्द गोड आहेत. मला आधी जरा जास्तच गोड वाटले होते. पण आमच्याकडे काही जोडपी महिन्यातून एकदा एकत्र जमायला लागली तेव्हा लक्षात आलं, की नावच नसलेल्या माणसाला काही मागताही येत नाही. तिथे कुणी औषधाच्या वेळा सांगतं, कुणी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी किमान ४० टक्के लागतात आणि कुठल्या वारी गेलं तर रांग कमी असते ते सांगतं, कुणी नुसतं रडून घेतं. आमच्यातल्या दोघी पंचावन्न-साठीच्या आहेत, त्यांना मी ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या मुलाचा नंबर दिला. एक शिकते आहे. दुसरीचे यजमान म्हणतात, मी आहे तोवर गाडीला हात लावायचा नाही.

तिथे एक गृहस्थ येतात, पंचाहत्तरीचे. बायकोला विस्मरणाचा आजार. घरात ती गाऊनमध्ये असते, पण बाहेर पडायचं म्हटलं की साडीच हवी. साडी कशी असते ते तिला आठवतं, नेसायची कशी ते आठवत नाही. ह्या गृहस्थांनी शेजारच्या सुनेकडून साडी नेसवायला शिकून घेतली. निऱ्या घालायला त्यांना सुरुवातीला पाऊण तास लागायचा, आता वीस मिनिटं लागतात, असं ते सांगतात. मी माझ्या वहीची पद्धत सगळ्यांना समजावत होते तेव्हा त्यांनी हात वर करून विचारलं, "साडीचा वेळ कुठल्या रकान्यात धरायचा?" मी म्हटलं, धरा की अंघोळ-कपड्यांत. ते म्हणाले, "तसं नको. नेसवून झाल्यावर ती आरशात बघते ना, तेव्हा मीही थांबतो तिथे थोडा वेळ. तो वेगळा लिहीन म्हणतो."